नान्नजकडच्या ओढ्याकाठची गवतं : नावं, नमुने आणि अडलेला क्रमांक १४

आदिलाकाठ | १९ ऑक्टोबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. सोलापूरहून बार्शी रस्त्याला नान्नज मागे टाकलं की आत एक ओढा लागतो. नकाशात त्याला नाव नाही, गावात नुसतं 'वगळ' म्हणतात. हस्ताचा पाऊस बरा झाला तर दिवाळीपर्यंत डोहात पाणी असतं, जानेवारीत, सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला वाळू उघडी पडते. एका अंगाला काळं रान, दुसऱ्या अंगाला मुरमाचा माळ, मधे हा ओढा. एवढ्या छोट्या जागेत तीन तऱ्हेची जमीन मिळते, म्हणून गवतंही तीन तऱ्हांची.

गेली तीन वर्षं मी तिथली गवतं नोंदवते आहे. मी शाळेत शिकवते, वनस्पतिशास्त्र बी.एस्सी.पर्यंतच शिकले. जमीन ज्यांची आहे त्या कुटुंबाला विचारूनच हे काम चालतं. ओढ्याला धरून चारशे पावलांचा एक पट्टा आखला आहे. दर वीस पावलांवर एक खुंटी, खुंटीपाशी सुतळीचा मीटरभर बाय मीटरभर चौकोन. असे वीस चौकोन. आषाढात, भाद्रपदात आणि दिवाळीनंतर त्याच वीस चौकोनांत कोणतं गवत किती आहे ते लिहायचं. प्रत्येक गवताचा एक नमुना मुळासकट दाबून वाळवायचा.

यात माझा गुरू म्हणजे तिथे मेंढरं चारणारे एक आबा. सत्तरीच्या पुढचे आहेत. पहिल्या दिवशी मी पुस्तक उघडून बसले होते, तर मागून आवाज आला, "पुस्तकात काय बघायलीस बाळा, मेंढराच्या तोंडाकडं बघ की." तेव्हापासून माझ्या वहीत दोन रकाने आहेत. एकात शास्त्रीय नाव, दुसऱ्यात आबांनी उच्चारलं तसंच नाव, तारीख आणि चौकोनाचा क्रमांक.

यादी १९ वर आली आहे. काळ्या रानाच्या बांधाला मारवेल, कुंदा, हरळी. ओढ्याच्या काठाला दर्भ आणि थोडा वाळा. मुरमाच्या अंगाला कुसळी, पवन्या, डोंगरी आणि तीन फाट्यांच्या कुसळाचं अरिस्टिडा. बाकीची फोटोंसकट टाकते.

अडलं आहे ते क्रमांक १४ पाशी. माळाच्या बाजूला मुरूम धुऊन जाऊन खडक उघडा पडलाय. त्या खडकाच्या भेगेत बोटभर उंचीचे झुबके आहेत. पानं सुतासारखी, आत वळलेली, आता पार वाळून करडी पडलीत. आबांना विचारलं तर म्हणाले, "त्याला नाव न्हाई. ज्यानं मेंढराचं प्वाट भरत न्हाई त्याला कोण नाव ठेवणार?" कुणाला ओळखता येईल का?

---

काळवीट | १९ ऑक्टोबर, रात्री १०:०५

ताई, फार महत्त्वाचं काम आहे हे. मी पंधरा वर्षं त्या भागात पक्षी बघायला जातो. माळढोक, धाविक, पाखुर्डी, चंडोल, सगळ्यांचे फोटो माझ्याकडे आहेत. तुमचा धागा वाचून जुने फोटो काढून बसलो. पक्ष्याच्या पायाशी गवत दिसतं, पण ते कोणतं हे एकाही फोटोखाली मी लिहिलेलं नाही. धाविक कायम आखूड, तुरळक गवतात असतो आणि चंडोल झुबक्याच्या बुडाशी घरटं करतो, हे डोळ्यांना माहीत होतं. त्या झुबक्याला नाव आहे हे ध्यानातच आलं नाही.

नवीन वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, शहरं, शेतं सगळंच आलं होतं. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. त्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय नमुना म्हणून काडीसुद्धा उपटायची नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा गवतालाही लागू आहे. ताईंचा ओढा खाजगी रानात आहे म्हणून नमुने घेता येतात. दुसरीकडे कुठे हे करायचं असेल तर आधी हद्द तपासा आणि वन परिक्षेत्र कार्यालयात विचारा.

---

हिरवं_सोलापूर | २० ऑक्टोबर, सकाळी ७:३०

आमचा गट दर पावसाळ्यात वृक्षारोपण करतो. ताई, तुमच्या ओढ्याच्या माळाच्या बाजूला फोटोत एकही झाड दिसत नाही. जमीनमालकांची तयारी असेल तर पुढच्या जूनमध्ये दोनशे रोपं आणि खड्डे खणायला माणसं आम्ही देऊ. कडुनिंब, वड, चिंच. पाच वर्षांत ओसाड माळ हिरवा दिसेल.

---

आदिलाकाठ | २० ऑक्टोबर, दुपारी २:४८

दादा, तुमची तळमळ कळते आणि दोनशे रोपं जगवायला किती कष्ट पडतात हेही माहीत आहे. पण तो माळ ओसाड नाही. सविस्तर लिहिते, कारण हा गैरसमज मलाही होता.

आपल्याकडे पाऊस साधारण पाचशे ते सातशे मिलिमीटर, तोही लहरी. मुरमाची जमीन वीतभर, खाली काळा पाषाण. तिथे गवत आहे ते जंगल तुटल्यामुळे उरलेलं नाही, ती जागाच गवताची आहे. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातल्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार सांगितले. त्यातला आपला म्हणजे सेहिमा-डायकँथियम प्रकार, आपल्या भाषेत पवन्या आणि मारवेल. म्हणजे तुम्ही ज्याला रिकामी जागा म्हणता तिला शास्त्रात नाव मिळालेलं आहे, आणि ते आबांच्या मेंढरांच्या आवडीच्या दोन गवतांवरून पडलेलं आहे.

सातबाऱ्यावर आणि सरकारी नकाशांत मात्र अशा जमिनीला 'पडीक' म्हणतात. पडीक म्हटलं की काहीतरी लावावंसं वाटतं. पूर्वी याच पट्ट्यातल्या माळांवर गिरीपुष्प लावलं गेलं. ते वाढलं, सावली पडली, आणि सावलीत पवन्या येत नाही. माळढोक एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर, आणि लांबवर नजर पोचेल अशीच जागा निवडतो. झाडांची भिंत उभी राहिली की त्याच्यासाठी ती जागा संपली.

झाड वाढतं शेंड्याला, गवत वाढतं बुडाशी आणि पेराशी. म्हणून मेंढरानं वरचं खाल्लं, वणव्यात वरचं जळालं, तरी पुन्हा फुटतं. ओढ्याच्या काठावर पाच नंबरच्या चौकोनाशेजारी दरड कोसळली आहे, तिथे कुंद्याची मुळं उघडी पडलेली दिसतात. पावसाळाभर पाण्याचा मार खाऊनही त्या मुळांच्या जाळीत माती तशीच धरलेली आहे. कुंदा रानात आला की शेतकरी रडतो, खोल नांगरट केल्याशिवाय जात नाही. तोच कुंदा काठाला धरून ठेवतो.

तुमच्या गटातल्या माणसांचे हात मला हवे आहेत, खड्ड्यांसाठी नाही, चौकोन मोजण्यासाठी. दिवाळीनंतरच्या मोजणीला याल का?

---

खिलारवाला | २० ऑक्टोबर, रात्री ८:२०

मी सांगोल्याचा. घरी खिलार जनावरं, चार पिढ्या. ताई, तुमच्या यादीतल्या पवन्याबद्दल थोडं बोलायचं हाय. फोटो नंबर ९ आणि फोटो नंबर १० दोन्हीखाली तुम्ही पवन्या लिहिलंय. आमच्याकडं नंबर १० ला पवन्या म्हणत्यात, नंबर ९ ला शेडा. शेड्याचं बूड जुनं असतंय, दरसाल त्याच बुडातनं फुटतंय. पवन्या दरसाल बियापासनं उगवतोय. बैल दोन्ही खातो, पण गंजी घालायची तर शेडा. आजा म्हणायचा, शेड्याची पेंढी दोन उन्हाळं काढती.

कुसळीचं पण सांगतो. कुसळी वाईट गवत म्हणून लोक शिव्या देत्यात. कोवळी असताना मारवेलच्या बरोबरीनं जनावर खातंय. कुसळ धरलं की मग मेंढराच्या लोकरीत घुसतंय, कातड्यात जातंय, तोंडात जखमा करतंय. म्हणून चारायचं ते पोळ्याच्या आत. गवत वाईट नसतंय, येळ चुकती.

---

पेरकांडं | २१ ऑक्टोबर, सकाळी ११:१५

खिलारवाल्या दादांनी बरोबर पकडलं आहे. मी गवतांच्या वर्गीकरणावर काम केलेलं आहे, त्यामुळे शास्त्रीय बाजू जोडतो. बहुवर्षायू ते सेहिमा नर्व्होसम, वर्षायू ते सेहिमा सल्केटम. दोघांचं कणीस एकेरी, एका काडीवर एकच. नखाने एक कणिशिका, म्हणजे कणसाचा एक सुटा बारीक घटक, सोडवून भिंगाखाली धरा. बाहेरच्या तुषावर, म्हणजे टरफलावर, ठळक शिरा उठून दिसल्या तर पहिलं. मधोमध खोल पन्हाळी असेल तर दुसरं. सल्केटम या नावाचा अर्थच पन्हाळीचा.

ताई, आबांचं नाव चुकलं असं मात्र लिहू नका. मेंढरासाठी दोन्ही सारखीच, म्हणून त्यांच्या बोलीत एक नाव. गंजी घालणाऱ्याला फरक लागतो, म्हणून सांगोल्यात दोन नावं. दोन्ही नोंदी ठेवा, गाव आणि व्यवसाय सोबत लिहा.

आता एक शंका. तुमच्या फोटो ६ ला मारवेल लिहिलंय. पेरावर पांढऱ्या केसांचं कडं दिसतं म्हणून तुम्ही तसं ठरवलं असणार. ते कडं डायकँथियम ॲन्युलेटमची खूण खरी, पण बोथ्रिओक्लोआ पर्टुसालाही पेरावर केस असतात, आणि ते जमिनीवर सरपटतं. तुमच्या फोटोत खालची कांडी जमिनीला टेकून मुळं धरताना दिसतात. दोन गोष्टी बघा. कणिशिकेच्या खालच्या तुषावर टाचणीने टोचल्यासारखी खळगी आहे का. आणि कणिशिकेचा देठ उजेडासमोर धरला तर मधोमध पारदर्शक रेघ दिसते का. दोन्ही असतील तर तो मारवेल नव्हे, त्याचा भाऊबंद.

क्रमांक १४ बद्दल घाई करत नाही. कणसाचा जवळून फोटो टाका. आणि मूळ झुबका वाळलेला असला तरी फेकू नका.

---

आदिलाकाठ | २३ ऑक्टोबर, रात्री १०:३१

सुट्टी लागली, काल पुन्हा जाऊन आले. बहिणीला सोबत नेलं, तिची नजर माझ्यापेक्षा बारीक आहे.

फोटो ६. दहापट भिंगाखाली धरलं. तुषाच्या वरच्या अर्ध्या भागात खळगी आहे, अगदी सुईच्या टोकाएवढी, आणि प्रत्येक कणिशिकेला आहे. देठ सूर्याकडे धरला तर मधून काचेसारखी रेघ. सर, तुम्ही म्हणालात तेच. तीन वर्षं मी चौकोन ३, ४ आणि ८ मध्ये मारवेल मोजत होते, तो मारवेल नव्हता. रात्री बसून तिन्ही वर्षांच्या नोंदींवर लाल शाईने दुरुस्ती केली. जुनी नोंद खोडलेली नाही, शेजारी नवी लिहून तारीख घातली. नमुने जपून ठेवले होते म्हणून हे जमलं. नुसती यादी असती तर ही चूक तशीच राहिली असती आणि उद्या कुणीतरी तिच्यावर विसंबलं असतं.

आबांना दोन्ही काड्या दाखवल्या. त्यांनी हातात घेतल्या नाहीत, नुसतं बघितलं. "ही मारवेल. आन् ही मारवेलीसारखी, पर मेंढरं आधी ही सोडून तिकडं जात्यात." भिंग न लावता! मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "तू ईचारलं कधी? तू नाव ईचारलंस." हे मी वहीत तसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. आता तिसरा रकाना आखला आहे. नाव, आणि कोण खातं, कधी खातं.

बहिणीने कुसळीचं एक वाळलेलं कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडला. ते हळूहळू उलगडत फिरायला लागलं, घड्याळाच्या काट्यासारखं. दव पडलं की फिरायचं, ऊन पडलं की पुन्हा पीळ घ्यायचा, असं करत ते बी स्वतःला जमिनीत पेरतं. आम्ही दोघी उन्हात अर्धा तास त्याच्याकडेच बघत बसलो होतो.

१४ च्या कणसाचे फोटो टाकते आहे. कणीस म्हणजे वाकडी, नागमोडी काडी. सुरुवातीला मला त्यात कणिशिका दिसल्याच नाहीत. एक झुबका खडकाच्या चकतीसकट कागदी पाकिटात आणला आहे.

---

धनगराची_लेक | २४ ऑक्टोबर, दुपारी १:०२

मी पहिल्यांदाच लिहिते आहे. माझे वडील आणि काका अजून मेंढरं घेऊन फिरतात. हा धागा त्यांना फोनवर वाचून दाखवला.

एक सांगायचंय. आमच्यात एकाच गवताला वेगवेगळ्या वयात वेगवेगळं बोलतात. कोवळं असताना एक, कुसळ धरल्यावर दुसरं, वाळल्यावर तिसरं. बाहेरचा माणूस विचारतो तेव्हा ज्या वयाचं गवत समोर आहे त्याचं नाव सांगतात. मग तो लिहितो की या गावात याला हे म्हणतात. म्हणून महिना लिहिणं फार गरजेचं आहे, ताई तुम्ही लिहिता ते बरं केलंत.

दुसरं, बायकांना विचारा. कुठल्या गवताचा केरसुणीला उपयोग, कुठल्याचा छपराला, कुठलं चुलीत भुर्रकन जळतं आणि कुठलं धुमसतं, हे माझ्या आजीला माहीत होतं. वडिलांना त्यातलं निम्मंही माहीत नाही. आजी गेली चार वर्षांपूर्वी. तिला कुणी विचारायला आलं नाही, मीही विचारलं नाही.

---

हिरवं_सोलापूर | २४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

आदिलाकाठ ताई, तुमचं उत्तर दोनदा वाचलं, मग गटात वाचून दाखवलं. दोघांना पटलं नाही, सहा जण मोजणीला यायला तयार आहेत. त्या दोघांनाही आणतो, बघून ठरवू देत. आमची रोपं शहरातल्या रस्त्यांकडेला आणि शाळांच्या आवारात जातील.

एक प्रश्न. गाजरगवत, लव्हाळा ही पण तुमच्या यादीत येतात का? आमच्यातल्या एकाने विचारलं.

---

पेरकांडं | २५ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

गाजरगवत नावापुरतं गवत. ते सूर्यफुलाच्या कुळातलं, बाहेरून आलेलं. लव्हाळ्याचं कूळ वेगळं, मोथ्याचं. दांडी चिमटीत धरून फिरवा, तिधारी लागली तर मोथा. गवताची दांडी गोल किंवा चपटी, तिला पेरं असतात आणि कांडी बहुधा पोकळ. शिवाय गवतात पान जिथे दांडीपासून सुटतं त्या सांध्यात आतल्या बाजूला एक जिव्हिका असते, कधी पापुद्रा, कधी केसांची झालर. ओळखायला तिचा फार उपयोग होतो, म्हणून फोटो काढताना तो सांधा उघडून एक फोटो घ्या.

मोजणीला येणाऱ्यांनी नमुने दाबायचं थोडं शिकून घ्या. गवत मुळासकट काढायचं, माती झटकायची, कागदापेक्षा लांब असेल तर इंग्रजी व्ही किंवा एन अक्षरासारखं दुमडायचं, तोडायचं नाही. वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वजन द्यायचं आणि पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदलायचे. आळस केला की बुरशी येते. चिठ्ठी नमुना काढतानाच लिहायची. घरी गेल्यावर लिहू म्हटलं की ठिकाण डोक्यातून गेलेलं असतं. एक संच पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात दाखवून घ्या. महाराष्ट्रातल्या गवतांवर कोल्हापुरात मोठं काम झालं आहे.

---

आदिलाकाठ | २८ ऑक्टोबर, रात्री ८:५५

आज वाईट बातमी आहे. दिवाळीच्या गडबडीत चार दिवस तिकडे गेले नव्हते. आज गेले तर चौकोन ७ ते ११ जागेवर नाहीत. ओढा खोल करण्यासाठी जेसीबी आला होता. खुंट्यांसकट काठ खरवडून मातीचा ढीग वर टाकलाय. जमीनमालकांनाही आदल्या दिवशी संध्याकाळी कळलं. काम कुणी काढलं ते इथे लिहीत नाही, भांडणाचा विषय करायचा नाही. पाणी अडायला हवं हे मलाही कळतं, उन्हाळ्यात त्या गावाला टँकर येतो.

पण वाळा फक्त ९ आणि १० मध्ये होता. पूर्ण पट्ट्यात दुसरीकडे कुठेही नव्हता. ढिगाऱ्यात हात घालून शोधलं. मुळांना वास होता, ओल्या मातीत तो वास आधी आला आणि मग मुळं दिसली. पाच गड्डे मिळाले. मालकांच्या आईंनी विहिरीच्या पन्हाळीपाशी लावून घेतले. त्या म्हणाल्या, "माझ्या लग्नात माठात ह्याच वगळीतला वाळा टाकला होता."

वहीत चौकोन ७ ते ११ पुढे 'काठ काढला' असं लिहून तारीख टाकली. पट्टा सोडणार नाही. त्या उघड्या मातीत आता पहिलं कोण येतं, हरळी, अरिस्टिडा की वेडी बाभूळ, हेही नोंदवायचं.

---

काळवीट | २८ ऑक्टोबर, रात्री ९:३०

ताई, मन विषण्ण झालं. तरी एक मार्ग आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. तुमची १९ गवतं, आबांची नावं, धनगराची_लेक म्हणतात तसे उपयोग, हे सगळं त्या वहीत ग्रामसभेसमोर नोंदवून घ्या. काम काढणाऱ्याला 'इथे नुसतं गवत आहे' असं म्हणता येणार नाही, नोंद दाखवता येईल. ओढा खोल करताना एक काठ न छेडता दुसऱ्या बाजूने यंत्र चालवता येतं, पण ते सांगायला कागद हातात लागतो. ग्रामसेवकांकडे जायला मी सोबत येतो. पुढचा शुक्रवार चालेल?

---

खिलारवाला | २९ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

ताई, शेड्याचं बी राखून ठेवलंय पोतंभर. आमच्या माळाचं हाय, लांबचं न्हाई. उघड्या काठाला पुढच्या मिरगाला फेकायचं असलं तर घेऊन येतो. पण सर काय म्हणत्यात ते आधी बघा, सांगोल्याचं बी तिकडं चालतंय का.

---

पेरकांडं | २९ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

दादा, देण्याची इच्छा मोठी आहे. पण या पट्ट्यात एक वर्ष काहीच फेकू नये असं मला वाटतं. ज्या मातीत तीन वर्षांच्या नोंदी आहेत तिथे आपोआप काय उगवतं हे बघायची संधी पुन्हा मिळणार नाही. मातीत त्याच काठाचं बी पडून असणार. पुढच्या भाद्रपदात शेडा आला नाही तर आधी पंधराव्या चौकोनातलं बी घेऊ, त्यानंतर तुमचं. तोवर पोतं कोरड्या जागी ठेवा.

ताई, क्रमांक १४ चे फोटो नीट पाहिले. काडीत खाचा आहेत आणि प्रत्येक खाचेत एकेक कणिशिका बुडालेली आहे, म्हणून तुम्हाला आधी दिसल्या नाहीत. खडकावरच्या दुसऱ्या एका गवतावर, ट्रायपोगॉनवर, माझा संशय होता. पण त्याची कणिशिका बरीच फुलं धरते आणि कुसळं दिसतात. तुमच्यात ते नाही. माझ्या मते हे ओरोपेटियम थोमेयम. खात्रीसाठी एक करा. खडकाच्या चकतीसकट तो झुबका बशीत ठेवून पाणी घाला आणि दोन दिवस थांबा. जास्त सांगत नाही, तुम्हीच बघा.

---

धनगराची_लेक | ३० ऑक्टोबर, दुपारी १२:४४

काकांना विचारलं. खडकावरचं बोटभर गवत, वाकड्या काडीचं. त्यांच्याकडेही नाव नाही. पण ते म्हणाले, मिरगाच्या पहिल्या सरीनंतर दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी ते हिरवं होतं, बाकी माळ वाळलेला असतो तेव्हा. त्यावरून ते ओळखतात की सर खोल गेली की नुसती वरवर झाली. हे पण लिहा ताई, तिसऱ्या रकान्यात.

---

आदिलाकाठ | १ नोव्हेंबर, सकाळी ६:१८

परवा रात्री नऊ वाजता बशीत पाणी घातलं. झुबका आठ दिवस पाकिटात होता, बोटाने दाबला तर पानं मोडतील अशी कोरडी. काल सकाळी उठून बघितलं तर पानं उलगडली होती, रंग अजून करडाच. काल संध्याकाळी बुडाशी हिरवट झाक आली. आत्ता उजाडल्यावर खिडकीत नेलं. जी पानं मेली असं मी समजत होते तीच पानं हिरवी झालीत, नवीन फुटलेली नाहीत. कडेचे बारीक केस पाण्याचे थेंब धरून आहेत. बहीण आणि आई दोघीही बशीपाशी उभ्या आहेत.

---

पेरकांडं | १ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

ओरोपेटियमच. पूर्ण वाळून पुन्हा जिवंत होणारं गवत. जगातल्या अकरा हजारांहून अधिक गवतांत अशी फार थोडी आहेत. २०१५ साली याचा जनुकसंच वाचला गेला. गवतांमधला तो अगदी लहान जनुकसंचांपैकी एक आहे. इतकी कोरड सोसायची कशी, हे त्यातून शोधायचा प्रयत्न चालू आहे, पिकांसाठी.

---

आदिलाकाठ | १ नोव्हेंबर, रात्री ९:५०

सर, धन्यवाद. बशी घेऊन दुपारी आबांकडे गेले होते. त्यांनी ती हातात घेतली, बराच वेळ बघितली, आणि म्हणाले, "मग ह्याला नाव ठेवायला पायजे." काय ठेवायचं ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. दुसऱ्या रकान्यात क्रमांक १४ पुढची जागा मोकळी ठेवली आहे. तिसऱ्यात धनगराची_लेक यांच्या काकांचं वाक्य लिहिलं.

मोजणी ९ नोव्हेंबरला, रविवारी. सकाळी साडेसहाला नान्नजच्या एसटी थांब्यावर जमायचं. पूर्ण बाह्यांचा सदरा, जाड पायमोजे, कुसळं टोचतात. जुनी वर्तमानपत्रं ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणा. झुबका त्याच दिवशी त्याच भेगेत परत ठेवणार आहे.